मागून येणारं चित्र

विहिरीतलं चित्र तिसऱ्यांदा अडकलं, तेव्हा कासव मांड्यांपर्यंत गाळात उभा होता आणि त्याची दोरी त्याच्या बायकोच्या हातात होती.

काठावरच्या दगडावर बटणांचा जुना फोन ठेवला होता. त्यातून पाणीखात्यातल्या साहेबाचा आवाज आला, "थांबवा. तुटलं. मला नुसती टोपी दिसतेय, ती पण हलत नाहीये."

"माणूस हलतोय, साहेब," ती म्हणाली. "दोरी लागतेय ना माझ्या हाताला."

"दोरी मला दिसत नाही हो. मला चित्र दिसलं पाहिजे. चित्र गेल्यानंतर काढलेला गाळ मी हिशेबात धरू शकत नाही."

"आणि बाहेर हा ढीग पडलाय तो काय आभाळातून पडला?" नणंद बादली पालथी करता करता म्हणाली. ती फोनपासून लांब होती म्हणून बोलली. जवळ असती तर तिनंही 'हो साहेब, जी साहेब' केलं असतं.

कासव हे त्याचं खरं नाव नव्हे. विहिरी साफ करणाऱ्या माणसाला लोक असंच काहीतरी म्हणतात. तो हळू उतरायचा, हळू चढायचा, आणि खाली गेला की वरच्या जगाची घाई त्याच्या गावीही नसायची. बायकोला गल्लीतले लोक कासवीण म्हणत. पहिल्या वर्षी तिला राग यायचा. मग तीही कुणी विचारलं तर "कासव घरात नाही, विहिरीत आहे" असं सांगू लागली. त्याची थोरली बहीण नवरा गेल्यापासून यांच्याकडेच होती आणि गाळाच्या बादल्या ओढायचं काम तिच्याकडे होतं. घर तिघांचं आणि धंदाही तिघांचा.

यंदा पाणी पार तळाला गेलं होतं. विहिरी उघड्या पडल्या तेव्हाच गाळ काढता येतो, त्यामुळे सगळीकडे दुष्काळ असला की यांना सुगी. कासवाला हे बोललेलं आवडत नसे. पण यंदा कामाबरोबर नवीन भानगड आली होती. गेल्या साली कुणा शहाण्यांनी एकाच विहिरीचे फोटो काढून त्या तीन विहिरी म्हणून दाखवल्या होत्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते खोटं नाही. तेव्हापासून पाणीखात्यानं फतवा काढला की काम चालू असताना थेट चित्र दाखवायचं, साऱ्या लोकांना दिसेल असं. खातं बघणार, ज्याला हवं तो बघणार. गल्लीच्या तोंडाशी दुकान होतं, तिथल्या मोठ्या टीव्हीवर सकाळपासून कासवच लागलेला होता.

कासवाला त्याची लाज वाटायची. खाली तो एरवी चड्डीवर काम करी. साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "अंगात काहीतरी घाला, बायाबापड्या बघतात." मग खात्याचा जाड, बंद गळ्याचा शर्ट आला. त्या शर्टात तो खाली उकडून निघायचा. शिवाय दर थोड्या वेळानं हातातलं फावडं थांबवून कॅमेऱ्याकडे तोंड करायचं आणि हात वर करायचा. दुकानात बसलेली रिकामटेकडी मंडळी चित्राखाली हसरी तोंडं पाठवत आणि लिहीत, 'कासव, मान बाहेर काढ.' नणंदेला वाचता येत होतं. तिनं एकदा वाचून दाखवलं, मग पुन्हा दाखवलं नाही.

कासविणीला लाजेपेक्षा भीती जास्त होती. विहिरीची भीती तिला लग्नापासून होती आणि ती कधी कमी झाली नाही. या धंद्यात एक रीत आहे. दोरी घरच्यानंच धरायची. ज्याचं ताट उतरणाऱ्याच्या शेजारी वाढलं जातं, त्यानं. मजुराच्या हातात कप्पीची दोरी द्या, बादली द्या, पण छातीच्या पट्ट्याला बांधलेली दोरी परक्याच्या हातात जात नाही. सासऱ्यांची दोरी सासूनं धरली होती. खालून एक हिसका आला की 'आहे मी', वरून एक हिसका दिला की 'आहे मी पण'. दोन आले की ओढायचं. दिवसभर हेच चालायचं. तिला वाटे, आपलं नवऱ्याशी निम्मं बोलणं दोरीतूनच झालंय. घरी तो बोलतच नसे.

त्या दिवशी दुपारच्या आधी वायरवाला आला. इंटरनेटची वायर त्यानंच गल्लीतून शेताच्या कडेनं विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोपटापर्यंत आणली होती. त्यानं चपला काढल्या, चहा नको म्हणाला आणि वायर हातात धरून तिच्यामागे चालत गेला. कुंपणाजवळ थांबून त्यानं हाक मारली.

"हे कुणी केलं?"

वायर एका जागी शेळीनं चावली होती आणि नणंदेनं तिथं चिंधी गुंडाळून वर सुतळीची गाठ मारली होती.

"रक्त येत होतं म्हणून बांधलं," नणंद म्हणाली.

वायरवाला हसला. त्यानं तुकडा कापला, नवा जोड केला. मग खोपटातला वायफायचा डबा बघितला. पत्र्याच्या आत डबा ठेवला तर त्याचं बोलणं बाहेर कसं येणार, म्हणून तो टोपलीत घालून विहिरीच्या तोंडावर टांगला. खाली कॅमेऱ्यासाठी कासविणीचा नवा फोन खुंटीला बांधलेला होता. तो फोन डब्याच्या समोर येईल असा त्यानं फिरवायला लावला. चित्र थोडं कमी स्पष्ट केलं, म्हणजे ओझं कमी होईल. एवढं सगळं झालं आणि चित्र छान आलं. कासव खाली उतरला. नणंदेनं आपल्या फोनवर बघून मान डोलावली.

कासविणीनं ब्लोअर चालू केला, आणि चित्र गेलं.

ब्लोअर म्हणजे वारा सोडायचा पंखा. त्याला जाड पाइप लावून पाइपाचं दुसरं तोंड तळात सोडायचं, म्हणजे खाली ताजी हवा जाते. जुन्या विहिरीच्या गाळात पानं कुजून बसलेली असतात. तो थर फोडला की त्यातून काय निघेल ते दिसतही नाही आणि कधी कधी वासही येत नाही. सासऱ्यांच्या वेळी ब्लोअर नव्हता. सासरे विहिरीतच गेले होते, यावर घरात कुणी बोलत नसे.

वायरवाल्यानं ब्लोअर बंद केला, चालू केला, परत बंद केला. खोपटातला दिवा दर वेळी मिणमिणत होता. "सापडलं," तो म्हणाला. "एवढ्या लांबून वीज आणलीय, वायर बारीक. मोटर ओढायला लागली की डब्याला पुरत नाही, तो झोपतो आणि पुन्हा उठायला वेळ घेतो. दोघं एका वायरीवर नांदणार नाहीत. एका चुलीवर दोन जावा."

"मग?"

"डब्याला लावायची छोटी बॅटरी मिळते. उद्या आणतो. आज माझ्याकडे नाही."

त्यानं फोनवर साहेबालाही हेच सांगितलं. साहेब काही वाईट माणूस नव्हता. आवाजावरून तर कोवळाच होता. पण त्याच्याही वर कुणीतरी होतं. "उद्या नाही चालणार," तो म्हणाला. "ही विहीर आज संपलेली दिसली नाही तर दुसऱ्या टोळीला जाईल, आणि पुढची कामंही त्यांनाच. माझ्या हातात नाही ते. मी एक करतो. इकडून चित्र थोडं मागे ठेवतो. मधे तुटलं तरी साठवलेलं दिसत राहील, लोकांना सलग दिसेल."

"मागे म्हणजे?" नणंदेनं विचारलं.

"जरासं उशिरा येईल, एवढंच. दूध थेट धारेचं न पिता चरवीतून प्यायचं."

वायरवाला गेला. त्याला दुसरीकडे जायचं होतं.

दुपारभर काम चाललं. ब्लोअर थोडा वेळ लावायचा, बंद करायचा, मग कासवानं गाळ भरायचा. तरी चित्र मधेच गचके खाई आणि साहेब म्हणे, "आणखी थोडं मागे घेतो." एकदा नणंद भरलेली बादली वर ओढून घेऊन फोनकडे बघते तर फोनमध्ये कासव तीच बादली अजून भरत होता.

"बघ गं," ती हसत सुटली. "बादली माझ्या हातात आणि हा तिथं भरतोय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, इथं पोहऱ्यात आलं तरी आडात आहेच."

कासवीणही हसली. मग तिनं उगाचच दोरीला एक हिसका दिला. का ते तिला लगेच कळलं नाही.

उन्हं जरा कलल्यावर कासव पाणी प्यायला वर आला. शर्ट काढून पिळला तर त्यातून घाम आणि काळं पाणी निघालं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"डोकं दुखतंय का तुमचं?" तिनं विचारलं.

"उन्हानं."

"खाली ऊन आहे का?"

त्यानं तांब्या तोंडाला लावला.

"अहो, आज राहू द्या. वाराही धड सोडता येत नाहीये. विहीर गेली तर जाऊ दे."

"एक थर राहिलाय. काळा. तेवढा काढला की खालचा मुरूम दिसेल. मुरूम दाखवला की सुटलो."

"काळा थर ब्लोअर लावून काढा."

"लावला की चित्र जातं. मग काढलेला गाळ धरणार नाहीत." त्यानं तांब्या खाली ठेवला. "अगं, आत्ताच वारा सोडून घे चांगला, मी वर आहे तोवर. दिवा सोडून बघ. जळत राहिला म्हणजे हवा चांगली, मग जातो."

तिनं ब्लोअर लावला. मनात सासूची आठवण करत ती त्या पाइपाकडे बघत उभी राहिली. मग कंदील दोरीनं तळात सोडला. ज्योत नीट जळत होती. वाद घालायला जागा राहिली नाही.

तो उतरत होता तेवढ्यात साहेबाचा फोन आला. "तो कंदील बाजूला करा हो. त्याचा उजेड कॅमेऱ्यात येतो, बाकी सगळं काळं दिसतं. फोनचा टॉर्च आहे तेवढा पुरे."

कासवानं कंदील पाठीमागच्या कपारीत ठेवला. तो वरून कासविणीला दिसत नव्हता. कासवाच्या तर पाठीलाच होता.

तिनं ब्लोअर बंद केला. एकदम शांत झालं. तिचा हात बटणावरून निघेना. "वन्सं," ती म्हणाली, "मला भीती वाटतेय."

"तुला रोजच वाटते," नणंद म्हणाली, पण मायेनं म्हणाली.

दोन बादल्या आल्या. काळा, लिबलिबीत गाळ, पानांचे देठ अजून ओळखू येणारे. दोरीला एक हिसका आला. तिनं एक दिला. चित्र सुरेख चाललं होतं, दिवसभरात इतकं सलग चाललं नव्हतं. साहेब खूश होता. "हे बघा, आता कसं," तो म्हणाला. "असंच चालू द्या."

तिसऱ्या बादलीची दोरी हलेना. नणंद वाट बघत होती. कासविणीनं आपल्या दोरीला एक हिसका दिला.

काही आलं नाही.

तिनं पुन्हा दिला. दोरी आधी सैल होती, आता ताणली गेली होती. कुणी ओढत होतं म्हणून नव्हे. कुणी लटकावं तशी.

"वन्सं, उत्तर येत नाही."

नणंदेनं फोनमध्ये बघितलं. "अगं, हा काय उभा आहे. भरतोय. बघ की."

तिनं बघितलं. फोनमध्ये कासव वाकला होता, फावडं मारत होता, सरळ होऊन हात वर करत होता. त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडलेली होती. तिला ती नीट करावीशी वाटली. डोळ्यांना दिसतोय आणि हाताला लागत नाहीये, अशी तिची गत झाली. डोळ्यांवर विश्वास ठेवायला माणसाला शिकवावं लागत नाही. क्षणभर तिनंही ठेवला. खरं सांगायचं तर तिला ठेवायचाच होता.

"मला दिसताहेत ते," साहेब फोनवरून म्हणाला. "मस्त काम चाललंय."

तिनं विहिरीच्या तोंडात वाकून हाक मारली. "अहो!" आवाज खाली गेला आणि तसाच रिकामा वर आला. खालच्या फोनच्या उजेडात तिला फक्त काळं दिसलं, आणि त्या काळ्यावर फावड्याचा दांडा आडवा पडलेला.

"वन्सं, फावडं पडलंय."

"फावडं त्याच्या हातात आहे!" नणंद फोन तिच्या तोंडापुढे धरून म्हणाली. "हे बघ."

"ते मागचं आहे," कासवीण म्हणाली. "वन्सं, ते मागचं आहे. तुमच्या हातातली बादली ते भरत होते, आठवा. हे आत्ताचं नाही."

तिनं ब्लोअरचं बटण दाबलं, दोरी ज्याला गुंडाळलेली होती त्या रहाटाचा दांडा धरला आणि फिरवायला सुरुवात केली. रहाटाची खिट्टी खट्ट खट्ट वाजू लागली. रोज तो पायांनी भिंतीला रेटा देत चढायचा, म्हणून वजन निम्मं लागायचं. आज सगळं लागत होतं. दांडा तिला खाली ओढत होता.

"ओढू नका!" साहेब ओरडला. "अहो, मधेच काय ओढता? ते उभे आहेत, मला दिसतायत! मधे वर आले तर हा सगळा थर पुन्हा..."

ती फिरवत राहिली. तिनं साहेबाला शिवी दिली नाही, उत्तरही दिलं नाही, तेवढा श्वासच नव्हता. तळहाताची कातडी सरकली तेव्हा तिला ओलं लागलं, दुखलं नाही. नणंद अजून फोन धरून उभी होती, एकदा चित्राकडे, एकदा दोरीकडे बघत. दोरीवरून गाळाचं पाणी गळत वर येत होतं. मग तिनं फोन मातीत टाकला आणि दांड्याला हात लावला. दोघींनी मिळून फिरवला. नणंद बडबडत होती, "ये रे बाबा, ये, ये वर," लहानपणी त्याला झाडावरून उतरवताना बोलावत असेल तशी.

आधी टोपी आली. मग मान, एका बाजूला पडलेली. पट्ट्यानं छाती उचललेली आणि हात लोंबकळत. ओठ काळेनिळे. दोघींनी त्याला काखेत धरून काठावर घेतला, तेव्हा त्याच्या तोंडातून गाळ आणि पाणी निघालं. कासविणीनं त्याला कुशीवर वळवला, बोट घालून तोंड साफ केलं, शर्टाची बटणं तोडली. छाती हलत नव्हती. तिनं त्याच्या पाठीत बुक्क्या घातल्या. मग उताणा करून नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास घातला, जसा सासूनं तिला शिकवला होता आणि जो सासूला स्वतःला उपयोगी पडला नव्हता. एकदा. परत. गाळाची चव तिच्या तोंडात आली. नणंद त्याचे पाय धरून बसली होती आणि तिला रडायलाही येत नव्हतं.

मातीत पडलेला फोन चालूच होता. त्यात कासव उभा होता, ठणठणीत. फावडं मारत होता.

तिनं परत श्वास घातला. छाती वर आली आणि खाली गेली. परत वर येईना. परत घातला.

फोनमध्ये तो थांबला. कपाळाला हात लावला. भिंत धरायला हात पुढे केला, भिंत हाताला लागली नाही, आणि तो गुडघ्यावर बसला. मग तोंडघशी गेला. हे कुणीही बघत नव्हतं. दोघींची पाठ होती.

आणि तिच्या हाताखाली त्याला ठसका लागला. दुसरा लागला. आत घेतलेला श्वास फाटक्या भात्यासारखा वाजला, पण घेतला त्यानंच. तो ओकला, परत खोकला. डोळे उघडले, कशावरच नव्हते, मग हळूहळू तिच्यावर आले.

"ओढा!" दगडावरचा फोन किंचाळला. साहेबाचा आवाज पोराचा झाला होता. "पडले! अहो, पडले ते! ओढा, ओढा लवकर! कुणी आहे का तिथं? ओढा!"

ती दगडाकडे वळली. बोलायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"ओढलंय, साहेब," ती म्हणाली. "तुमच्याकडे यायचंय अजून."

साहेब काहीतरी पुटपुटत होता, कदाचित रडत होता. तिनं ऐकलं नाही. तिनं कासवाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्या नाकासमोर हात धरून बसली होती. श्वास येतोय हे डोळ्यांनी दिसत होतं, तरी ती हाताला लावून बघत होती.

तेवढ्यात गल्लीकडून आरडाओरडा आला. दुकानातली सगळी मंडळी धावत येत होती, सकाळपासून हसरी तोंडं पाठवणारी तीच. पुढे दुकानदार, हातात दोर. कुणी अनवाणी, कुणाच्या हातात शिडी. शेताची कड तुडवत, ठेचा खात ती आली आणि या तिघांच्या अंगावरून जाऊन सरळ विहिरीच्या काठाला भिडली. कुणीही खाली मातीत बघितलं नाही. सगळे वाकून विहिरीत बघू लागले. दुकानदार आत तोंड घालून ओरडत होता, "कासवा! ए कासवा! दोर सोडतोय, धर!"

कासवानं मांडीवरची मान थोडी वळवली. एवढी माणसं पाठमोरी उभी बघून तो गोंधळला.

"कोण पडलंय?" त्यानं बायकोला बारीक आवाजात विचारलं.

तिनं त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि हुंदका देऊन रडू लागली.